कुंपणावरचे साडेसहा कोटी

मानवजातीचं वय किती, या प्रश्नाचा निकाल सध्या राधानगरीत आमच्या परड्याच्या कुंपणावर लागतो. वादी शेजारचे अण्णा, प्रतिवादी मी, आणि निकाल देणाऱ्या वैनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी. त्या पलीकडच्या पायरीवर बसून पावटा सोलतात आणि वर न बघता निकाल देतात. शास्त्राला पुरावा लागतो, कोर्टाला साक्षीदार लागतात. कुंपणाला नुसता वेळ लागतो, आणि आषाढ-श्रावणात राधानगरीत वेळेला तोटा नाही. उसात गवा शिरला, धरणाचा दरवाजा उघडला, एवढ्या दोन बातम्या संपल्या की माणसाला थेट आदिमानवच आठवतो.

यंदाच्या वादाला निमित्त झाला एक दगड. अण्णांनी मागच्या खोलीचा पाया खणला, त्यात नारळाएवढा गोल गोळा निघाला.

“मास्तर, हात लावून बघा. मशीनवर काढल्यागत हाय. आनि निघाला कुठं? मुरमाच्या खाली, कातळाला लागून. कातळ किती वर्सांचा?”

“साडेसहा कोटी.”

“झालं तर मग! साडेसहा कोटी वर्सांमागं हितं कुणीतरी दगूड घडवीत हुतं.”

“पयला त्यो दाराम्होरनं उचला,” वैनी म्हणाल्या. “सकाळी ठेचाळलीया मी.”

अण्णांच्या हिशेबात बेरीज बरोबर आहे, फक्त दोन वेगळ्या रकमा एकाच खात्यावर चढल्यात. कातळ कधी झाला हा एक प्रश्न, आणि त्याला गोल आकार कधी आला हा दुसरा. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. थंड होताना तो आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. चिरांतून पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकीकडून खातं, कडेला दोन्हीकडून आणि कोपऱ्याला तिन्हीकडून, म्हणून कोपरे आधी कुजतात. पापुद्रे सुटत जातात, त्यांचा मुरूम होतो, आणि मधला घट्ट गाभा गोल होऊन शिल्लक राहतो. फोंडा घाटानं खाली उतरताना रस्ता कापलेल्या दरडीकडं बघत गेलं तर असे गोळे रांगेनं दिसतील. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला तर लाव्हा आक्रसताना उभे, कोनाकोनांचे खांब तयार झालेत. कुणी छिन्नी लावल्यासारखे दिसतात आणि कुणीही लावलेली नाही.

अण्णा एवढ्यावर नमणारे नव्हेत. त्यांच्याकडं आफ्रिकेचा दाखला तयार होता. “तिकडं खाणीत गोळे घावल्यात. २८० कोटी वर्सांचे. मधोमध तीन तीन रेघा. आता रेघा निसर्ग मारतो व्हय?”

मारतो. हे गोळे दक्षिण आफ्रिकेत ओटोसडाल गावाजवळच्या खाणीतले, क्लेर्क्सडॉर्पच्या संग्रहालयात ठेवले म्हणून त्या गावाच्या नावानं ओळखले जातात. गाळात एखाद्या कणाभोवती खनिज साचत जातं आणि गाठ तयार होते. थर ज्या पातळीवर होता तिथं गाठीवर रेघ उमटते. पण १९९३ साली मायकेल क्रेमो आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी ‘फॉरबिडन आर्किऑलॉजी’ नावाचा एक जाडजूड ग्रंथ काढला आणि तेव्हापासून हे गोळे जगभर फिरताहेत. दोघे लेखक इस्कॉनशी जोडलेले. त्यांचं म्हणणं असं की आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांपासून आहे, त्याचे पुरावे सापडत आलेत आणि शास्त्रज्ञ ते बाजूला सारत आलेत. या ग्रंथाची भूक पुराणातली आहे, ताट मात्र भूगर्भशास्त्राचं मांडलंय.

“पुराणात आकडा हायच की,” अण्णा म्हणाले. “एक कल्प ४३२ कोटी वर्सांचा. आनि तुमचं शास्त्र पृथ्वी किती म्हनतंय?”

“४५४ कोटी.”

“घ्या!”

हा अण्णांचा हुकमाचा एक्का. आकडे जवळ आले हे मी मान्य करतो. एवढे मोठे आकडे ज्यांनी मनात धरले त्यांना मी नमस्कारही करतो, कारण युरोपात त्याच विषयावर सतराव्या शतकात एक बिशप साहेब ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल धरून बसले होते. पण पृथ्वीचं वय जुळलं म्हणून त्या वयात माणूस तिथं उभा होता असं होत नाही. घर आजोबांनी बांधलं, म्हणून नातू वास्तुशांतीला हजर होता असं कुणी म्हणत नाही.

“नातू हुता की,” वैनी म्हणाल्या. “ह्यांच्या घरात समदेच सगळीकडं हजर असत्यात.”

सगळं मागं मागं नेण्याचा हा नाद मोबाईलनं आणला असं म्हणणं मात्र मोबाईलवर अन्याय आहे. मराठी माणसाला तो फार आधीपासून आहे, आणि सुरुवात थेट टिळकांपासून करावी लागते. १८९३च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी वसंतसंपात मृगात होता त्या काळावरून वेद इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांपर्यंत मागं नेले. १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ काढून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं. उषेची लांबच लांब सूक्तं, देवांचा सहा महिन्यांचा दिवस, यांचा अर्थ ध्रुवाजवळच लागतो असा त्यांचा युक्तिवाद. हिमयुग कधी संपलं यासाठी त्यांनी त्या काळच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांचा आधार घेतला. निष्कर्ष टिकला नाही. पण कुठला आधार कशासाठी घेतला हे टिळकांनी पानोपानी लिहून ठेवलंय, त्यामुळं पुढच्यांना तो तपासता आला आणि बाजूलाही ठेवता आला. हल्लीच्या मंडळींचं असं तपासायला गेलं की धागाच हाती लागत नाही.

टिळकांना उत्तर द्यायला पुण्यातच नारायण भवानराव पावगी उभे राहिले. १९१५च्या पुस्तकात त्यांनी सांगितलं की आर्य ध्रुवाकडून इकडं आलेच नाहीत, ते सप्तसिंधूतले, इथूनच तिकडं गेले. त्यांनीही भूगर्भशास्त्रच हाताशी घेतलं होतं. मग पु. ना. ओक. १९६४ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली, ताजमहालाला तेजोमहालय केलं, व्हॅटिकनची वाटिका केली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन याचिका फेटाळून घेतली. आणि डॉ. प. वि. वर्तक! त्यांनी रामजन्माची तारीख काढली ४ डिसेंबर, इसवी सनापूर्वी ७३२३. भारतीय युद्ध सुरू झालं १६ ऑक्टोबर ५५६१ रोजी, तेही इसवी सनापूर्वीच. सूक्ष्म देहानं मंगळावर जाऊन आल्याचंही त्यांनी लिहिलंय. ज्या देशात रेल्वे अमुक वाजता येईल हे सांगता येत नाही, तिथं नऊ हजार सालांमागची तारीख महिन्यासकट सांगणाऱ्या माणसाबद्दल लोकांना आदर वाटला तर त्यात नवल नाही.

अण्णांनी ही यादी ऐकली आणि तोंड पाडलं. “समदी पुण्याचीच? आपल्या कोल्हापूरचं एक बी न्हाई?”

आहे की. फक्त तो माणूस नव्हे, देव आहे, आणि परदेशी आहे. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर लहानशी काशाची मूर्ती निघाली. ती होती पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पुढं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी १९४५-४६ला तिथं रीतसर उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं गाव टेकडीखाली होतं आणि रोमन जगाशी त्याचा व्यापार होता. मूर्ती आज टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापासून एवढ्या दूर, घाटावर, समुद्राचा देव कुणी आणला, कुणी विकत घेतला, कुठल्या कोनाड्यात ठेवला?

“म्हंजे रोम आपलीच वसाहत हुती,” अण्णा म्हणाले.

इथं मला खरंच वाईट वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वी एखादा व्यापारी परक्या देशातला देव बोचक्यात घालून सह्याद्री चढून आला, ही गोष्ट केवढी मोठी! ती अण्णांना पुरली नाही. त्यांना सबंध रोमच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली आणि अण्णा नवा मुद्दा घेऊन आले. तुमचे शास्त्रज्ञ जुनं काही सापडलं की दडपतात, म्हणाले. मी म्हटलं, दडपत असते तर माणसाचं वय वाढलंच नसतं. आपल्या जातीच्या माणसाचं वय दोन लाख वर्षं धरत होते. २०१७ साली मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या हाडांनी ते तीन लाखांवर नेलं. त्याच्या दोन वर्षं आधी केनियात लोमेक्वीला ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं जाहीर झाली, म्हणजे आपली जात जन्मायच्या कितीतरी आधी कुणीतरी दगडावर दगड आपटत होतं. ज्यांनी हे सांगितलं त्यांना कुणी गप्प केलं नाही. उलट त्यांचं नाव झालं.

“आपल्या म्हाराष्ट्राचं बोला.”

मग मी बोरी काढली. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गाव आहे. तिथं ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीनं आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. राख मोजता येते. १९८०च्या दशकाच्या शेवटी डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधकांनी तिचं वय १४ लाख वर्षं जाहीर केलं. पुढं दुसऱ्या मोजणीत ते पावणेसात लाखांच्या आसपास आलं. तिसरे म्हणाले, ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाची, म्हणजे ७५ हजार वर्षांचीच.

वैनींनी पहिल्यांदा मान वर केली. “१४ लाख आनि ७५ हजार? येवढा फरक? आनि पगार दोघांनाबी?”

“बघा!” अण्णा उसळले. “तुमच्यातच मेळ न्हाई, मग आमचं काय चुकलं?”

हा अण्णांचा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो टाळू नये. बोरीच्या भांडणात सगळे एकाच राखेवर भांडतात. नमुना कुठून घेतला, कुठल्या पद्धतीनं मोजला, राख जागची आहे की नदीनं वाहून आणलेली, हे प्रत्येकाला सांगावं लागतं आणि उद्या चौथा कुणी जाऊन तीच राख पुन्हा मोजू शकतो. अण्णांच्या गोळ्याबाबत मी विचारलं की काय सापडलं तर तुम्ही म्हणाल हा निसर्गानं केलाय? अण्णांनी बराच विचार केला. “काय बी सापडलं तरी न्हाई म्हननार,” ते म्हणाले. प्रामाणिक माणूस आहे, म्हणून तर कुंपण टिकलंय.

वेरूळच्या कैलासावर मात्र आमचं जोरात जुंपलं. अण्णांचं गणित ठरलेलं: चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास, म्हणजे तासाला पाच टन. छिन्नी-हातोड्यानं अशक्य. सबब, वरून आलेल्यांनी कोरलं. एरिक फॉन डॅनिकनची परग्रहवाल्यांवरची पुस्तकं बाळ भागवतांच्या अनुवादातून मराठीत आली, तेव्हापासून हे वरून येणारे आपल्या घरचेच झालेत.

मी म्हटलं, अठरा वर्षं तुम्हांला कुणी सांगितली? काम एका राजाच्या काळात उरकलं असं अभ्यासक म्हणत नाहीत. म. के. ढवळीकरांनी शैलीवरून टप्पे लावले, त्यात राष्ट्रकूटांच्या कितीतरी पिढ्या येतात. कृष्ण पहिला याच्या वाट्याला मोठा हिस्सा आहे, सगळा नाही. शिवाय कैलासाची साक्ष खुद्द राष्ट्रकूटांच्याच कागदात आहे. कर्क राजाचा बडोद्याचा ताम्रपट, इसवी सन ८१२चा. त्यात वर्णन आहे की हे देऊळ बघून विमानातून जाणारे देवही चकित झाले.

“विमान!” अण्णांनी कुंपणावर मूठ आपटली.

“पुढचं ऐका. देव विमानातून बघताहेत, अण्णा. कोरत नाहीत. आणि ज्यानं कोरलं, तो कारागीरही आपलं काम बघून थक्क झाला, हे आपल्या हातून कसं झालं, असं पुन्हा जमायचं नाही, असा त्याच ताम्रपटाचा आशय आहे.”

देवांनी प्रेक्षकांत बसावं आणि पाथरवटानं मांडवात उभं राहावं, हे आठव्या-नवव्या शतकातल्या माणसाला सुचलं. आपण विमानाचा शब्द तेवढा उचलला आणि कारागिराला वगळलं. आपल्याकडं कुठलंही लेणं दाखवलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलं, असं सांगतात. जोतिबाजवळच्या पोहाळ्याच्या लेण्यांनाही पांडवांचंच नाव आहे. पण मला पांडव परग्रहवाल्यांपेक्षा पुष्कळ बरे वाटतात. पांडवांची निदान रात्र संपते, काम अपुरं राहतं. आणि लोककथेत वेरूळला पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराचं नाव जोडलेलं आहे, म्हणजे गोष्ट रचणाऱ्यालाही वाटलं की इथं एखादा हात होता, त्याला नाव द्यावं.

अण्णा म्हणाले, “येवढं मानसाला जमत न्हाई, मास्तर. तुम्ही काय बी म्हना.”

तेव्हा वैनी उठल्या. पावट्याची पाटी बाजूला ठेवली.

“आवो, आमचा आजा धरनाव हुता. दगूड वाहायला. खांद्याला घट्टे हुते त्येच्या, म्या बघितल्यात. त्या दरवाज्यांला लाईट लागत न्हाई, पानी भरलं की आपसूक उघडत्यात. उद्या शंभर वर्सांनी तुमच्यागत कुनीतरी कुंपनाव हुबा ऱ्हाऊन म्हनंल, ह्ये मानसाचं काम न्हवं, वरनं कोनतरी आलं हुतं. मग आमच्या आज्याची मजुरी कुनाच्या नावाव टाकायची?”

शाहू महाराजांनी भोगावतीवर धरणाचं काम काढलं, कन्या राधाबाईंच्या नावानं गाव वसलं, पैशाअभावी काम रखडलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. त्या सगळ्या वर्षांत दगड कुणी वाहिला याची नावं कुठल्या फलकावर नाहीत. वैनींच्या आजोबांचा उल्लेख मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि मला वाटतं अण्णांनीही. ते दोन दिवस कुंपणाकडं फिरकले नाहीत.

आले ते कोकणातून. भाच्याच्या गाडीवर बसून फोंडा घाटानं खाली उतरले होते आणि मालवण तालुक्यात कुडोपीचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, बघून आले होते. कातळशिल्पं. आता मात्र त्यांचे डोळे मोबाईलचे नव्हते, स्वतःचे होते. “लई हायत वो. पायाखाली. मान्सं, जनावरं, काय काय गोल गोल. कुनी काढली आसतील?”

हा प्रश्न मला अण्णांच्या सगळ्या उत्तरांपेक्षा आवडला. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्ग आणि थेट गोव्यात उसगाळीमळपर्यंत जांभ्याच्या सड्यांवर ही चित्रं खोदलेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या लोकांनी गावोगाव, सड्या-सड्यांवर पायपीट करून ती शोधली, गुराख्यांना विचारून विचारून. कशेळीचा हत्ती अठरा मीटरांच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, इतर प्राणी भरलेत. कोकणात आज ज्याचा मागमूस नाही असा गेंडाही या चित्रांत आहे. शेतीचं चिन्ह दिसत नाही, म्हणून अभ्यासक ती शिकार करून, गोळा करून जगणाऱ्यांची मानतात आणि काही चित्रं दहा-बारा हजार वर्षांमागं नेतात. नक्की साल निघत नाही, कारण खोदकाम म्हणजे काढून टाकलेला दगड. त्यात कोळसा नाही, हाड नाही, मोजायला काहीच मागं राहिलेलं नाही. मिळेल ते आजूबाजूच्या गुहांतल्या थरांतून मिळेल.

“येवढा मोठा हत्ती जमिनीवरनं दिसतच न्हाई. मग वरनं बघायलाच काढला आसंल,” अण्णा हळूच म्हणाले. सवय जाता जात नाही.

“गेल्या साली देवळाम्होरं आमी पन्नास फुटी रांगोळी घातली,” आतून आवाज आला. “मला इमानात बसीवलं हुतं व्हय कुनी?”

“आनि देवाच्या गोठण्याला होकायंत्र फिरतंय म्हनं.”

फिरतं. जांभ्यात लोखंडाचा अंश भरपूर असतो, आणि त्या कातळाचं चुंबकत्व सुईला वेडं करतं. तिथलं कातळशिल्प खोदणाऱ्याजवळ होकायंत्र नव्हतं. पण इतक्या सड्यांतून त्यानं नेमकी तीच जागा का धरली, हे मला अण्णांइतकंच विचारावंसं वाटतं.

२०२२ साली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक कुडोपी, एक गोव्यातलं. राजापूर तालुक्यातलं बारसू त्यातलंच. रिफायनरीच्या वादात त्याचं नाव घरोघरी पोचलं, शिल्पांमुळं नव्हे. यादीबाहेरची शेकडो चित्रं उघड्या कातळावर आहेत. त्यांना परग्रहवाल्यांचा धोका नाही. चिरेखाणीचा आहे, रस्त्याच्या जेसीबीचा आहे, आणि फोटो चांगला यावा म्हणून रेघांत खडू किंवा चुना भरणाऱ्या हौशी मंडळींचा आहे.

तेव्हा तुम्ही दाजीपूरला गवा बघायला आलात आणि पुढं फोंडा घाट उतरलात, तर दिवाळीनंतर, सड्यावरचं गवत वाळलं की जा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उन्हात रेघा दिसतात. गावातल्या माणसाला विचारून, चपला काढून जा. रेघांत काहीही भरू नका. आणि कुठं नवं चित्र दिसलं तर फोटोखाली परग्रहाचं नाव लिहायच्या आधी राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीच्या कार्यालयाला कळवा.